जुन्या गाडीला नवी पेट्रोलची टाकी: कोकणातून नेहमी येणारे प्रश्न

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात माझं बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. जुन्या गाड्या हा धंदा नाही, खाज आहे. वडिलांची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणली आणि तेव्हापासून पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, विलिस जीप असलं काहीबाही दारात ठेवून बसलेल्या लोकांचे फोन सुरू झाले. इंजिनाबद्दल फार कोणी विचारत नाही, त्याला मेकॅनिक मिळतो. विचारतात ते टाकीचं. कारण सगळ्यांचं एकच झालेलं असतं: जुनी टाकी गळत होती, नवी घातली, आणि आता गळत नाही पण बाकी सगळं बिघडलंय.

मेकॅनिक म्हणतो नवीच टाका. खरंच गरज आहे का?

टाकी उतरवल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तीच न उतरवता नवी मागवली जाते. घाटावरच्या गाड्यांच्या टाक्या बहुधा आतून सडतात, तळाला साचलेल्या पाण्यामुळे. आपल्याकडे त्या वरून सडतात. टाकी आणि डिकीचा पत्रा यांच्यामध्ये जे नमद्याचं किंवा रबराचं पॅकिंग असतं, त्यात खारी हवा आणि तांबडी माती जाऊन बसते. पावसाळ्यात ते जे भिजतं ते दिवाळीपर्यंत सुकत नाही. खालून बघाल तर टाकी ठणठणीत, काळा रंगसुद्धा शाबूत. उतरवून पॅकिंग सोलून काढलं की पत्रा पापडासारखा हातात येतो.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द आवाज करतो. टाकी आवळून धरणाऱ्या पट्ट्यांच्या खालची जागा आणि कडेची शिवण विशेष तपासा. आत बघायला सीलबंद एलईडी टॉर्च वापरा, तारेचा बल्ब टाकीच्या तोंडाजवळ नेऊ नका. आत नुसती तांबूस भुकटी असेल तर टाकी धुऊन वाचते. पत्र्याला खड्डे पडले असतील, किंवा शिवणीत एकापेक्षा जास्त ठिकाणी ओल दिसत असेल, तर नवी घ्या, उगाच जीव लावू नका.

चिपळूणला जुलै २०२१च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचं मात्र वेगळं आहे. पुराचं पाणी हवेच्या नळीतून टाकीत शिरतं आणि बरोबर गाळ नेतं. टाकी बरी दिसली तरी फ्लोट (दांडीवर तरंगत पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) आणि आतली जाळी बदलायचीच.

तयार टाकी घ्यावी, जुन्या बाजारातली आणावी, की इथेच बनवून घ्यावी?

कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्याच गाडीची, कोरड्या गावातून आलेली जुनी टाकी मिळाली तर माझी पहिली पसंती तीच. ती निदान बसते तरी. नळ्या, भोकं, फ्लोटची जागा सगळं कंपनीचं असतं. फक्त विकत घेण्याआधी नाक लावून वास घ्या. जुन्या पेट्रोलचा उग्र, वार्निशसारखा वास आला तर आत डिंक जमलेला आहे, तो काढायला दोन दिवस जातात.

तयार नव्या टाक्या बहुतेक एखादी जुनी टाकी समोर ठेवून केलेली नक्कल असते. ती जुनी टाकी ठोकून वाकडी झालेली असेल तर नवीही तशीच वाकडी येते.

इथे बनवून घेणार असाल तर फॅब्रिकेटरला तीन गोष्टी आधीच सांगा. पत्रा २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमी. आपले लोक ग्रीलच्या सवयीने १८ गेज, म्हणजे आणखी जाड लावतात, टाकी जड होते आणि पट्ट्यांवर भार येतो. दुसरं, कडा नुसत्या टोकाला टोक लावून वेल्ड करायच्या नाहीत, दुमडून मग वेल्ड करायच्या. तिसरं म्हणजे आतले आडवे पडदे. ते विसरतात, किंवा विसरल्यासारखं करतात. त्याचं पुढे सांगतो.

नवी टाकी बसतच नाही. भोकं अर्धा इंच बाहेर आहेत. ठोकून बसवू का?

नको. मोठं भोक करायचं तर टाकीच्या कानाला करा, गाडीच्या अंगाला नको. आणि बोल्ट आवळण्याआधी पेट्रोल भरायच्या नळीची मान बघा. टाकी बसली पण मान १० मिमी तिरकी राहिली, की मधला रबरी पाईप पिळलेला बसतो. दोन महिन्यांत तो तडकतो आणि पेट्रोल भरताना डिकीत सांडतं. आधी मान जुळवा, मग बोल्ट.

पेट्रोलच्या नळीचे नटही तपासा. ब्रिटिश वळणाच्या गाडीला इंची आटे आणि नव्या टाकीला मेट्रिक आटे हा घोळ नेहमीचा. दोन-तीन आटे हाताने फिरतात म्हणून पान्हा लावला की आटे गेलेच. हाताने शेवटपर्यंत फिरला तरच तो नट त्या जागेचा. टेफ्लॉन टेपने हा प्रश्न सुटत नाही. उलट टेपचे धागे कार्बोरेटरच्या जेटमध्ये सापडतात.

काटा खोटं बोलतो. टाकी भरली तरी अर्धीच दाखवतो, कधी उलटंच दाखवतो.

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. देवगडहून एका जीपवाल्याने रात्री साडेदहाला फोन केला होता, “दादा, नवी टाकी घातलंय, पन काटो हलणाच नाय.” त्याच्या टाकीत काही दोष नव्हता. दोष होता सुंदर रंगात.

फ्लोटला बहुधा एकच तार येते (रिझर्व्हचा दिवा असेल तर दुसरी). परतीचा रस्ता टाकीच्या पत्र्यातून गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थिंग. जुनी टाकी गंजकी का असेना, पट्टीला आणि बोल्टला उघड्या पत्र्याने चिकटलेली होती. नवीला आपण प्रायमर, दोन हात रंग, खाली रबरी पट्टी, वर रबरी वॉशर असं सजवतो, आणि टाकी गाडीपासून विजेच्या दृष्टीने तोडून टाकतो. फ्लोटच्या चकतीच्या एका स्क्रूखाली तार घ्या आणि ती चॅसिसच्या खरवडलेल्या जागी आवळा, वर ग्रीस लावा. देवगडच्या जीपचा काटा दीड फूट तारेने हलला.

अर्थिंग बरोबर असूनही काटा चुकत असेल तर फ्लोटचा ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध बघा. नव्या टाकीबरोबर फ्लोट येतो तो ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं सांगून देतात. चालत नाही. जुन्या अमेरिकी जीएम गाड्यांत रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्याला ९० ओहम असा हिशोब असतो. युरोपी व्हीडीओ पद्धतीत साधारण १० ते १८०. आणि ‘युनिव्हर्सल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ फ्लोटमध्ये रिकामी २४०, भरलेली ३३, म्हणजे दिशाच उलटी. असा फ्लोट पहिल्या दोन्हींपैकी कुठल्याही काट्याला जोडला तर टाकी भरताना काटा खाली जाणार. यात काट्याची चूक नाही.

म्हणून जुना फ्लोट कधी फेकू नका. तो मल्टिमीटरला लावून दांडी वर-खाली करा, दोन्ही टोकांचे आकडे कागदावर लिहा, आणि दुकानात जाताना तो कागद न्या.

एक बारीक गोष्ट. फ्लोटच्या चकतीला ५ किंवा ६ स्क्रू असतात आणि बऱ्याच गाड्यांत त्यातलं एक भोक मुद्दाम थोडं सरकवलेलं असतं, चकती एकाच दिशेने बसावी म्हणून. नक्कल केलेल्या टाकीत सगळी भोकं सारख्या अंतरावर पाडलेली असतात. मग चकती एक भोक फिरवून बसते, दांडी आतल्या पडद्याला अडते आणि काटा अर्ध्यावर थांबतो. बसवण्याआधी चकतीवर आणि टाकीवर मिळून मार्करने एक रेघ मारा.

पितळी फ्लोट असेल तर कानाजवळ हलवून बघा. आत डुचमळलं तर त्याच्या झाळलेल्या जोडात भोक आहे, तो बुडतो आणि काटा कायम रिकामा.

सगळं झाल्यावर रिकाम्या टाकीपासून ५-५ लिटर भरत काटा कुठे येतो ते लिहून ठेवा. शेवटी विश्वास त्या चिठ्ठीवर ठेवायचा. माझी अजून सनव्हायझरमागे आहे.

गाडी २०-२५ किलोमीटर छान चालते, मग मरते. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते.

हे माझ्याच डोक्यावर बसलेलं आहे. नवी टाकी घालून पहिल्यांदाच कोल्हापूरला निघालो होतो. हातखंबा सुटलं, पाली सुटली, नाणीजच्या पुढे गाडी आचके द्यायला लागली आणि बंद. पेट्रोल ओढणारा एसी पंप बदलला (बरोबर होता), प्लग पुसले, कॉइलवर ओलं फडकं टाकलं. तेवढ्यात गार होऊन गाडी सुरू झाली. साखरप्याच्या अलीकडे पुन्हा तेच. तिथे टपरीवर चहा घेताना मुलाने सहज टाकीचं झाकण उघडलं आणि लांब ‘सूऽऽ’ असा आवाज आला. झाकणाने श्वास आत ओढला.

वाण्याकडे तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करून थांबतं, म्हणून तो पलीकडे दुसरं भोक पाडतो. टाकीचंही तसंच. पेट्रोल जितकं बाहेर जाईल तितकी हवा आत यायला पाहिजे. काही गाड्यांत ही हवा झाकणातल्या बारीक भोकातून येते, काहींत वेगळ्या नळीतून. माझ्या जुन्या टाकीला झाकणातून हवा होती. नव्या टाकीबरोबर आलेलं चकचकीत झाकण मात्र पूर्ण बंद होतं, वेगळ्या नळीच्या टाकीसाठी बनवलेलं. आत निर्वात होत गेलं की पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी थांबली की हवा कुठून तरी हळूहळू झिरपते आणि गाडी चालू होते, म्हणून आपण कॉइलला दोष देत बसतो.

जुनं झाकण लावलं आणि आंबा घाट एका दमात चढलो. तुमची गाडी अशी मरत असेल तर मेकॅनिकला बोलवायच्या आधी झाकण सैल करून १० किलोमीटर चालवून बघा. फार दुर्लक्ष केलं तर पातळ पत्र्याची टाकी आत ओढली जाऊन चेपते, तेही पाहिलं आहे.

घाटात वळणावर हुचके देते. सपाटीला काही नाही.

आतले पडदे नाहीत. अर्ध्या टाकीत २० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण १५ किलो वजन. आंबोलीच्या वळणाला ते सगळं एका बाजूला जातं आणि ओढणारी नळी हवेत राहते. काटाही झोके खातो. टाकी पाऊणच्या खाली जाऊ न देणं हा तात्पुरता इलाज आहे, टाकी पुन्हा उघडून पडदे घालणं हा खरा.

काटा, चिठ्ठी सगळं सांगतं की ५-६ लिटर आहे, तरी गाडी बंद.

ओढणारी नळी आखूड आहे. तिचं टोक तळापासून १० ते १२ मिमीवर पाहिजे. तळाला टेकलेली पण नको, सगळा गाळ ओढते.

डिकीत पेट्रोलचा वास येतो. ओल कुठेच दिसत नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती खाली साचून राहते, त्यामुळे वास एका ठिकाणी आणि गळती दुसऱ्या ठिकाणी असते. पांढरा शाळेचा खडू घ्या आणि शिवणीवर, फ्लोटच्या चकतीभोवती, नळीच्या नटाभोवती जाड फासा. टाकी भरून रात्रभर ठेवा. सकाळी खडू जिथे ओला किंवा पिवळसर, तिथे गळती.

बहुतेक वेळा फ्लोटखालचं बुचाचं पॅकिंग निघतं. पाकिटातून नवं काढलेलं बूच सुकून तडकलेलं असू शकतं. त्याऐवजी व्हायटनचं कापून घ्या, निदान नायट्राइलचं (दोन्ही पेट्रोलला टिकणारी रबरं). सायकलच्या ट्यूबचं तर बिलकूल नको. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. मान जोडणारा रबरी पाईपही पेट्रोलचाच हवा, रेडिएटरचा नाही.

काही वेळा गळती नसतेच. पंपावर ‘फुल’ म्हणून तोंडापर्यंत भरलं आणि गाडी भाट्याच्या किनाऱ्यावर उन्हात लावली, तर ४० लिटर पेट्रोल १५ अंश तापल्यावर साधारण अर्धा लिटर फुगतं. ते कुठे जाणार? पहिल्या ‘कट’ला थांबायचं, आकडा राऊंड करायला सांगायचं नाही.

हवेच्या दाबाने तपासणार असाल तर फार जपून. ६० बाय ५० सेंटीमीटरच्या सपाट बाजूवर नुसत्या १ पीएसआयने दोनशे किलोंवर जोर येतो. टायरवाल्याचा पाईप लावून फुगवलेली टाकी मी पाहिली आहे, पावासारखी झाली होती. सायकलच्या हातपंपाने १ ते २ पीएसआय, वरून साबणाचं पाणी, बास.

टाकी कोरी, तरी फिल्टर लाल-काळा होतोय.

नवी म्हणजे स्वच्छ नव्हे. आत भोकं पाडतानाचा लोखंडी कीस, वेल्डिंगची राख आणि गोदामात गंजू नये म्हणून मारलेलं तेल असतं. पाण्याने धुऊ नका, आपल्या हवेत तासाभरात आत तांबूस साय धरते. दोन लिटर डिझेल आणि मूठभर धुतलेली बारीक खडी घालून टाकी घुसळा, ओता, मग थोडं पेट्रोल घालून पुन्हा. शेवटी दोरीला लोहचुंबक बांधून आत फिरवा. जे चिकटून येईल ते बघून माणूस गप्प होतो. पहिले ५०० किलोमीटर पारदर्शक फिल्टर ठेवा आणि एक जादा डिकीत टाका.

आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलने नवी टाकीही खराब होईल का?

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आपल्या देशात फेब्रुवारी २०२३पासून विकायला लागले आणि २०२५पर्यंत ते बहुतेक सगळीकडे आलं. जुन्या टाक्यांना आतून शिसं-कथिलाचा मुलामा असायचा. इथेनॉल त्याला हळूहळू खातं. जस्ताच्या मुलाम्याशीही त्याचं जमत नाही, म्हणून गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टाकी बनवून घेऊ नका, कितीही ‘गंजत नाही’ म्हणाले तरी. जुने रबरी पाईप आणि एसी पंपातला रबरी पडदा यांचीही तीच गत. पाईप घेताना त्यावर ‘एसएई जे३० आर९’ छापलेलं बघा. पंपाचा पडदा इथेनॉलला चालणारा मागा.

पाण्याची भीती मात्र थोडी चुकीच्या जागी घातली जाते. इथेनॉल पाणी शोषतं हे खरं. १० टक्क्यांच्या मिश्रणात १० लिटरमागे साधारण ५० मिली पाणी मावतं, त्यापुढे इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर धरतात. २० टक्क्यांत आणखी मावतं. पण माझ्या अनुभवात हवेतून येणाऱ्या पाण्यापेक्षा झाकणाच्या सडक्या वॉशरमधून जूनच्या पावसात आत गेलेलं पाणी कितीतरी जास्त असतं. वीस रुपयांचा वॉशर आधी बदला, मग शास्त्र वाचा.

आतून कोटिंग करून घेऊ का?

नव्या टाकीला नको. जुन्या टाकीला शेवटचा उपाय म्हणून. कोटिंग टिकतं ते खालचा पत्रा किती स्वच्छ आणि कोरडा आहे त्यावर, आणि आपल्याकडे ऑगस्टमध्ये कोरडं काही नसतं. काम एप्रिल-मेमध्येच करा. जुन्या पद्धतीचं कोटिंग इथेनॉलने पापुद्रे धरून सुटतं आणि ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर चिकटतं. ते एकदा सुटायला लागलं की पूर्ण काढावंच लागतं.

स्टेनलेसची करू की अ‍ॅल्युमिनियमची?

बोटींमुळे यावर माझं थोडं कडक मत आहे. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस आतून उत्तम, पण खाऱ्या हवेत बाहेरून चहाचे डाग पडल्यासारखं तपकिरी होतं, आणि पट्टीखाली, वेल्डच्या कडेला बारीक खड्डे पडतात. ३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते टिकतं. करायचीच तर ३१६. अ‍ॅल्युमिनियम हलकं, दिसायला छान, पण लोखंडी पट्टी आणि मध्ये खारं पाणी प्यालेला नमदा अशी जोडी बसली की दोन धातूंचं सेल तयार होतं आणि अ‍ॅल्युमिनियम पांढरं पीठ होऊन झडतं. बंदरावर रोज बघतो. मध्ये नायट्राइलची घट्ट पट्टी घाला, स्पंजसारखं काही नको.

गाडी रस्त्यावर वापरायची असेल तर मी साधा पोलादी पत्राच घेईन आणि पैसे रंगात घालीन. टाकी चढवण्याआधी वरच्या बाजूला एपॉक्सी प्रायमरचे दोन हात. खालून डांबरी अंडरकोट मारतात, तो मानेजवळ मारू नका. डांबर पेट्रोलमध्ये विरघळतं.

पावसाळ्यात गाडी उभी असते. टाकी भरून ठेवू की रिकामी?

तुम्ही इथेच राहत असाल आणि आठवड्याला पाच-दहा किलोमीटर फिरवत असाल तर जवळजवळ भरून ठेवा. आत हवा कमी, तर दमटपणा कमी. तुम्ही मुंबईला आणि गाडी गावी, मे महिन्यात झाकलेली थेट गणपतीला उघडणार, तर पूर्ण रिकामी करा, वाळवा, आत थोडं इंजिन ऑइल फवारून टाकी फिरवा. अर्धी ठेवणं सगळ्यात वाईट, आणि बहुतेक लोक तेच करतात. मग चतुर्थीच्या आदल्या दिवशी मला फोन.

जुन्या टाकीचं भोक गॅस वेल्डिंगने भरून घेतलं तर?

हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या मध्ये असली की ती पेटते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची ती यामुळे. महिनाभर उन्हात ठेवलेली टाकीही सुरक्षित नसते, शिवणीत अडकलेलं पेट्रोल ज्योतीने तापून वाफ होतं. वाफेने तासन्‌तास धुऊन, पाणी भरून काम करणारे जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडेच न्या. घरामागे स्वतः करू नका. यावर चर्चा नको.

नवी टाकी घातली तर आरटीओ काही म्हणेल?

२०२१च्या नियमांत ५० वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. तिथे अट आहे ती चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ असण्याची. त्याच आकाराची टाकी बदलल्याने मला कधी अडचण आलेली नाही. डिकीत भलतीकडे मोठी टाकी बसवली तर मात्र प्रश्न विचारतील आणि विचारायलाच हवेत.

मग जुनी टाकी भंगारात देऊ?

नवी टाकी घालून एक अख्खा पावसाळा आणि एक घाट होईपर्यंत देऊ नका. झाकण, फ्लोट, चकतीचे स्क्रू, मानेचा पाईप, पट्ट्या, सगळं मोजमाप तिच्यावर आहे. माझी अजून माडाखाली उलटी पडलेली आहे. गेल्या वर्षी संगमेश्वरचा एक जण येऊन तिच्या फ्लोटच्या भोकांचा कागदावर छाप घेऊन गेला.